ब्लाउजच्या गोंड्याची माशी

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली आणि बाभुळगावला आमच्या घरी राहायला आली. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. ढाणकी, फुलसावंगी आणि अशी कितीतरी गावं त्यांनी दवाखान्याच्या खिडकीतून पाहिलेली. लग्न केलं नव्हतं. नोकरीत असताना त्या सणावाराला यायच्या, दोन दिवस राहायच्या आणि जाताना घरातल्या प्रत्येकाला कुठली तरी गोळी देऊन जायच्या. आता त्या कायमच्या आल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मला त्याची धास्तीच होती.

घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. ताई सकाळी अंघोळ करून मशीनजवळच्या स्टुलावर येऊन बसत. कोणी बाई ब्लाउजचं माप द्यायला आली की मी टेप काढायच्या आत ताई तिचा दंड धरून बीपीचा पट्टा बांधत. "मीठ कमी कर," असं ऐकून एक-दोघी तर माप न देताच गेल्या. स्वयंपाकघरातही तेच. पाणी उकळलं का, भाजी झाकली का, हात धुतले का. चाळीस पोरींच्या वसतिगृहाला पुरेल एवढी शिस्त होती त्यांच्याकडे आणि ती सगळी माझ्या एकटीवर सांडत होती. तोंडातून एक शब्द कौतुकाचा म्हणून निघत नव्हता. मी मान खाली घालून मशीन चालवत होते. दिवस नुसते लांबत होते.

एका दुपारी मी बाही जोडत होते. ताई मोबाइलमध्ये बघत बसल्या होत्या.

"वयनी, इकडे ये. हे पाय."

मी उठून पाहिलं. कुठल्या तरी थंड मुलखातली नदी होती. पांढऱ्या केसांची एक बाई गुडघाभर पाण्यात उभी होती आणि हातातल्या काठीनं लांबलचक दोर हवेत फिरवत होती. दोर मागे जायचा, पुढे यायचा, वेलांटीसारखा वळायचा. शेवटी तो इतका हळू पाण्यावर टेकला, की जणू कोणी बाळाला पाळण्यात ठेवलं. दुसऱ्या क्षणी मासा उसळला. त्या बाईनं तो हातात घेतला, हसली आणि सोडून दिला.

"मले हे शिकाचं हाय," ताई म्हणाल्या.

"मासे धराचे? ताई, बाजारात भेटतेत ना."

"बाजारात मेलेले भेटतेत."

त्या दोन दिवस असेच व्हिडिओ पाहत राहिल्या आणि मला एकेक गोष्ट सांगत गेल्या. या प्रकारात गळाला गांडूळ लावत नाहीत, कणकेची गोळी लावत नाहीत. गळाला पीस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात. मासा तिला खरा किडा समजून तोंड उघडतो. माशीला वजन नसतं, म्हणून दोर जड लागतो. दोर फेकायचा, आणि दोर माशीला घेऊन जातो. हे सगळं कळल्यावर ताईंनी मोबाइलवर सामानाची किंमत पाहिली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. किंमत तीच होती.

"एका काठीले इतके? चांदीचा मुलामा हाय का तिले?" मोबाइल उलटा ठेवून त्या म्हणाल्या, "पेन्शन काय काठीत घालाले नाई भेटत. आपून घरीच करू."

'आपून' म्हणाल्या. मी मशीनवरून मान वर करून पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

पहिली काठी आम्ही बुरुडाकडून आणली. त्यानं चांगला जाड बांबू दिला. तो घरी उभा केला तेव्हा माझा नवरा दुकानातून जेवायला आला होता. त्याचं मोटारपंप रिवाइंडिंगचं दुकान आहे, दिवसभर तांब्याच्या तारांत असतो.

"ताई, जांभळं पाडाले चालली का?" त्यानं विचारलं.

दहा वेळा फिरवून ताईंचा खांदा भरून आला. व्हिडिओतली काठी वाकत होती, आमची वाकायला तयार नव्हती. म्हणून आम्ही परत गेलो. या वेळी ताईंनी बांबूची बारीक, निमुळती शेंड्याकडची टोकं निवडायला घेतली. एकेक उचलायच्या आणि रस्त्यावर उभ्या राहून सपकन हवेत फिरवायच्या. बुरूड घाबरला.

"बाई, कोणाले माराची हाय?"

"माशाले," ताई म्हणाल्या आणि पुढची काठी उचलली.

आम्हाला पाहिजे तशी सापडली. हातात हलकी, आणि झटका दिला की टोकापर्यंत थरथरत जाणारी. काठीला दोर गुंडाळायची चक्री लावायचं कामच ठेवलं नाही. दोर सरळ टोकाला बांधायचा, असंही काही देशांत करतात म्हणे.

पण दोर कशाचा? साधा नायलॉनचा तंगूस फारच हलका. फेकला की वाऱ्यानं आमच्याच तोंडावर यायचा. मी परकराची नाडी सुचवली. दुकानात नाडीची रिळंच्या रिळं पडलेली. नाडी छान उडाली, पण बादलीत बुडवली तर एवढं पाणी प्यायली की धुणं पिळल्यासारखी पिळावी लागली.

मग एका सकाळी मी आरशासमोर वेणी घालत होते. वेणी वर जाड असते, खाली बारीक होत जाते. माझे हात तिथेच थांबले. व्हिडिओतला दोरही असाच होता, काठीकडे जाड, माशीकडे बारीक. मी तशीच अर्धी वेणी घेऊन दुकानात गेले. शिवणाच्या पक्क्या दोऱ्याचे पदर काढले, त्यांची वेणी घालायला सुरुवात केली आणि थोड्या थोड्या अंतरावर एकेक पदर कमी करत गेले. खिडकीच्या गजाला बांधून, मागे सरकत सरकत, दारातून बाहेर अंगणापर्यंत वेणी गेली. ताईंनी तिच्यावर मेणबत्ती घासली, म्हणजे पाणी धरायला नको. टोकाला हातभर तंगूस.

ताईंनी तो दोर बोटांतून शेवटपर्यंत ओढून पाहिला. मला वाटलं आता काही चूक काढतील.

"तुह्या हातात कला हाय वं," त्या म्हणाल्या.

बारा वर्षं झाली होती लग्नाला. त्या दिवशी मी तीन ब्लाउज शिवले आणि एकाचीही बाही उसवावी लागली नाही.

माशा करणं हा तर आमचा संध्याकाळचा खेळच झाला. नवऱ्याची पकड आणायची, तिच्या जबड्यात गळ धरायचा, मुठींना रबर गुंडाळायचं म्हणजे ती सुटत नाही. मग शेजारच्या कोंबड्याची गळालेली पिसं, लोकरीचा तुकडा आणि शिवणाचा दोरा. ताईंनी आयुष्यभर जखमा शिवल्या होत्या, त्यांची गाठ कधी सुटली नाही. माझी माशी दिसायला देखणी. त्यांची माशी झुरळासारखी दिसायची, पण दगडावर आपटली तरी तशीच राहायची. नवऱ्याला त्याची पकड कामाच्या वेळी सापडेनाशी झाली. "मी तिथं गिऱ्हाइकाची मोटर उघडून बसलो, अन् माही पकड इथं माशी धरून बसली," म्हणत तो शेवटी दुसरी पकड घेऊन आला.

फेकायचा सराव आम्ही गच्चीवर केला. गळ न लावता, दोराच्या टोकाला लाल लोकरीचा गोंडा बांधून. समोर परात ठेवायची आणि गोंडा परातीत पाडायचा. परात सोडून तो सगळीकडे पडला. पाण्याच्या टाकीवर, कपड्यांच्या तारेवर, माझ्या अंबाड्यात आणि एकदा शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मुगवड्यांवर. ताई ओरडायच्या, "मागं थांब! दोर मागं पुरा जाऊ दे, मंग पुढं आण." मी थांबायची विसरायचे. त्या थांबायच्या विसरायच्या नाहीत, पण पुढे आणताना एवढा जोर लावायच्या की दोर चाबकासारखा वाजायचा. खालून नवरा म्हणायचा, "कोणाची बैलजोडी हाकून राह्यल्या?"

आमची पहिली शिकार तिथेच झाली. गोंडा कठड्यावरून खाली शेजारच्या अंगणात गेला आणि ज्याची पिसं आम्ही वेचत होतो त्याच कोंबड्यानं तो चोचीत धरून पळ काढला. काठी कमानीसारखी वाकली. ताई कठड्याला पाय लावून उभ्या राहिल्या.

"ढील दे, ढील दे!" मी ओरडले.

"कशाची ढील! चक्री कोठं हाय आपल्याले?"

शेजारीण बाहेर येऊन वर बघायला लागली तेव्हा कोंबड्यानं गोंडा टाकून दिला. त्या संध्याकाळी ताई इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली. त्यांना असं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

पावसाळा ओसरत आल्यावर एका रविवारी आम्ही बेंबळा धरणाच्या मागच्या पाण्यावर गेलो. तिथल्या मासेमारांच्या सोसायटीला ताईंनी आधीच जाऊन विचारलं होतं. ताईंची स्कूटी, मागे मी, माझ्या हातात दोन काठ्या झेंड्यासारख्या उभ्या. रस्त्यात एकानं विचारलं, मिरवणूक कुठं आहे. काठावरच्या काळ्या मातीनं पहिल्यांदा आमच्या चपला घेतल्या. पायाला मणामणाचा चिखल लागला. आम्ही चपला हातात घेऊन पाण्यापर्यंत पोचलो आणि फेकायला सुरुवात केली.

जवळच एक म्हातारे मासेमार डोंग्यातून जाळं गोळा करत होते. थोडा वेळ त्यांनी पाहिलं, मग डोंगा जवळ आणला.

"काय करून राह्यल्या बाई?"

"मासे धरून राह्यलो," ताई म्हणाल्या.

"गळाले काय लावलं?"

"कोंबड्याचं पीस."

"पीस?" ते विचारात पडले. "मंग कोंबडाच लावा ना. मरळ तरी येईन."

धरलेला मासा आम्ही सोडून देणार आहोत, हे ऐकल्यावर तर त्यांनी वल्हं आडवं ठेवलं. "धरून सोडाचा? मंग धराचा कायले?"

ताईंनी दोर पाण्यातून उचलला. त्या म्हणाल्या, "पाहाले."

"धरा, धरा," ते हसत म्हणाले. "तुमच्या पिसानं धरण काई खाली होत नाई."

त्या दिवशी काही मिळालं नाही. पुढच्या रविवारीही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नवऱ्यानं पहिल्या रविवारी उत्साहानं खोबरं भाजून मसाला वाटून ठेवला होता. आम्ही सोडून देणार हे त्याला सांगितलं होतं, पण त्याचा विश्वास नव्हता. त्या मसाल्यात शेवटी वांगी शिजली. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "लोक मासे माराले जातेत, तुमी दोघी माशा मारत बसता." ताई चिडल्या, पण मला हसू आवरेना, आणि मग त्यांनाही.

गंमत अशी की मासा मिळत नव्हता तरी आम्ही रविवारची वाट बघायला लागलो होतो. पाण्याकाठी ताई बोलायच्या. कुठल्या गावात पुरात अडकलेल्या बाळंतिणीला ट्रॅक्टरवर झोपवून आणलं, कुठल्या गावात मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसलेल्या सासऱ्याला त्यांनी दवाखान्याचा व्हरांडा झाडायला लावला. एकदा मी विचारलं, एकटं वाटलं नाही का कधी. त्या दोर फेकत म्हणाल्या, "कामात नाई वाटलं. इथं आल्यावर वाटलं. तुमच्या घरात मले काई कामच नव्हतं." मला वाटत होतं त्यांना माझी कामं दिसत नाहीत, आणि त्या बिचाऱ्या काम शोधत होत्या. मी दोर परत फेकला. या वेळी मागे थांबायला विसरले नाही.

त्या आठवड्यात मी त्यांच्यासाठी उरलेल्या जाड कापडाचं बिनबाह्यांचं जाकीट शिवलं. त्याला खिसेच खिसे. माशांच्या डबीला एक, कात्रीला एक, मेणबत्तीला एक, चष्म्याला एक. घालून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या, प्रत्येक खिशात हात घालून पाहिला आणि ते जाकीट दिवसभर काढलं नाही. संध्याकाळी भाजी आणायलाही त्याच्यातच गेल्या.

मासा मिळाला तो बाभळीमुळे. पाण्याच्या काठाला एक जुनी बाभूळ आहे, अर्धी पाण्यावर वाकलेली. ती पिवळ्या फुलांनी भरली होती. वारा आला की बारीक गोल गोंडे पाण्यावर टपटप पडायचे. ताई डबा उघडून पोळी खात होत्या. खाता खाता थांबल्या.

"वयनी, थे पाय. फूल पडते, अन् गायब होते."

खरंच. एखादं फूल पडलं की खालून बारीक गोल तरंग उठायचा आणि फूल नाहीसं. मासे फूल खात होते की फुलावरचे किडे, ते मला आजही माहीत नाही. पण आमच्या डबीतल्या सगळ्या माशा तपकिरी नाही तर काळ्या होत्या.

माझ्या पर्समध्ये एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या लटकनाचे गोंडे होते. पाठीच्या नाडीला लावतात ते, पिवळेधमक. त्यातला सगळ्यात लहान गोंडा मी कापून घेतला. ताईंनी गळ धरला, मी दोऱ्यानं गोंडा बांधला, कात्रीनं कातरून बाभळीच्या फुलाएवढा केला. माझ्याच दोराला बांधला.

पहिली फेक फांदीत गेली. दुसरी ताईंच्या डब्यात. तिसऱ्या वेळी दोर मागे पूर्ण गेला, काठीच्या टोकाशी मला त्याचा हलका ओढा जाणवला, आणि मग तो पुढे आला. गोंडा बाभळीच्या सावलीत टेकला. बाकीच्या फुलांत एक फूल.

पाणी हललं. गोंडा गेला.

"उचल!" ताई ओरडल्या. "उचल वं माय, उचल!"

मी काठी उचलली. हातात जिवंत काही तरी धडपडत होतं, थेट कोपरापर्यंत कळत होतं. मी मागे सरकत गेले, चिखलात बसले, तशीच बसल्या बसल्या काठी वर धरून राहिले. ताई साडी खोचून पाण्यात उतरल्या आणि दोर हातानं ओढत मासा जवळ आणला. तळहाताएवढी चिलापी होती. पाठीवर काळसर, पोटाकडे उजेड पडला की जांभळी-हिरवी.

ताईंनी आधी हात ओले केले. जाकिटाच्या वरच्या खिशातून दवाखान्यातला जुना चिमटा काढला, ज्यानं त्या नाळ धरत असतील, त्यानं गळ अलगद सोडवला. मासा पाण्याबाहेर काढलाच नाही. दोन्ही हातांच्या ओंजळीत पाण्यातच धरून ठेवला. त्याचे कल्ले उघडत-मिटत होते. मीही चिखलातून उठून तिथे वाकले.

"कसा गप हाय," ताई हळूच म्हणाल्या. "रडत नाई म्हणून भेव वाटून राह्यलं मले."

मग शेपटीचा एक फटका बसला. दोघींच्या तोंडावर पाणी उडालं आणि ओंजळ रिकामी झाली.

डोंग्यातून म्हाताऱ्यांनी सगळं पाहिलं होतं. "काय लावलं होतं आज?" त्यांनी ओरडून विचारलं.

"ब्लाउजचा गोंडा!" मी ओरडले.

ते डोंगा काठाला घेऊन आले. जाताना त्यांनी आपल्या टोपलीतून दोन मासे काढून पिशवीत घालून दिले. "तुमी तं सोडूनच देसान," म्हणाले, "घरी खाले तरी न्या." त्या रात्री नवऱ्यानं परत मसाला वाटला आणि त्याचं सोनं झालं. मासे आम्हीच धरले का, हे त्यानं विचारलं नाही, आणि आम्हीही ताट संपेपर्यंत सांगितलं नाही.

आता दुकानात ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका ताईंना आधी माशांचं विचारतात, मग स्वतःहून दंड पुढे करतात. शेजारीण तिच्या कोंबड्याची पिसं पुडीत बांधून आणून देते. दोघी-तिघी रविवारी आमच्याबरोबर येऊनही गेल्या. एकीनं पहिल्याच दिवशी मासा धरला, तेव्हा ताईंनी तिचं तोंडभर कौतुक केलं आणि परतीच्या वाटेवर माझ्या कानाजवळ म्हणाल्या, "नशीब हाय नुसतं."

ताईंना स्वतःला मात्र मोठा मासा हवा होता. काठच्या पाण्यात वाढलेल्या बेशरमाच्या झुडपांत मरळ असते हे त्यांनी म्हाताऱ्यांकडून काढून घेतलं होतं. त्यासाठी त्यांनी एक भली मोठी माशी बांधली, निम्मी बेडकासारखी, निम्मी झुरळासारखी. मागच्या हिवाळ्यात, ऊन नुकतं कोमट झालेलं असताना, ती त्यांनी झुडपांच्या कडेला टाकली. पाणी असं फाटलं की मला वाटलं म्हैस उठली. काठी पाण्यापर्यंत वाकली. ताई दोन पावलं पुढे ओढल्या गेल्या, मी मागून त्यांचं जाकीट धरलं. शिवण पक्की होती, म्हणून दोघी उभ्या राहिलो. मरळ एकदा वर आली. माझ्या हाताएवढी लांब, सापाच्या तोंडाची. तिनं आमच्याकडे पाहिलं असं मला वाटलं. मग तंगूस ताडकन तुटला आणि आम्ही दोघी मागे चिखलात आदळलो.

मी घाबरून ताईंकडे पाहिलं. गुडघ्याला लागलं की काय. त्या आभाळाकडे तोंड करून पडल्या होत्या आणि त्यांचं पोट हलत होतं. हसत होत्या.

"कशी होती वं!" त्या म्हणाल्या. "कशी होती!"

उठून त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा शोधला, आणि खिशातली डबी उघडून दुसरी माशी निवडायला लागल्या.